सा देकची सुईवाली

सा देकच्या बाजारात मासळीच्या फळ्या संपतात आणि पुलाची चढण सुरू होते, तिथे डॉक्टर लाम यांचा त्वचेचा दवाखाना आहे. पाटी मोठी आहे, पाटीवर डॉक्टरांचं नावही मोठं आहे, पण बाजारात कुणालाही पत्ता विचारा, उत्तर एकच: "सुईवालीकडे ना? ते निळं दार."

सुईवाली म्हणजे थोआताई. पूर्ण नाव किम थोआ. बापानं 'किम' ठेवलं ते सोनं म्हणून. पण आमच्या भाषेत किम म्हणजे सोनंही आणि सुईही, आणि पुढे पोरीनं धंदाच असा धरला की सोनं मागे पडलं. चेहऱ्यावर सुया फिरवण्याचं काम ती चौदा वर्षं करते आहे. आधी बधिर करणारं मलम लावून पाऊण तास बसवायचं, मग पेनासारखं एक यंत्र घ्यायचं. त्याच्या टोकाला केसाएवढ्या बारीक सुया, खालीवर थरथरणाऱ्या. ते चेहऱ्यावरून बोटाबोटानं फिरवायचं. बारीक छिद्रं पडतात, रक्ताचे टिपके येतात, आणि छिद्रं बुजवता बुजवता कातडी जुने खड्डेही थोडे भरून काढते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण थोआताईचा हात इतका हलका, की बायका तिच्यासमोर झोपल्या की घोरायला लागतात.

तो हात दवाखान्यात तयार झाला नव्हता. गावाबाहेर फुलवाल्यांच्या वस्तीत तिच्या बापाची, चिनअण्णांची गुलाबाची बाग. बांबूच्या मांडवांवर कुंड्यांच्या रांगा, खाली पाणी, आणि रांगांमधून होडी घेऊन फिरायचं. दहाव्या वर्षापासून थोआ गुलाबाला डोळा भरायची, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवायची. पात्याचं टोक सालीत किती घालायचं, आतला गर कुठे सुरू होतो, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. चिनअण्णा म्हणायचे, "हिनं कापलेलं झाडाला कळतसुद्धा नाही."

सोळाव्या वर्षी तिचा चेहरा उठला. साधी तारुण्यपिटिका नव्हे, गाठीच्या गाठी. शेजारणींनी कडू पाल्याचा लेप लावला, कुणी लिंबू चोळलं, एका मावशीनं तर केसातला आकडा तापवून पू काढला. एकोणिसाव्या वर्षी गाठी गेल्या आणि खड्डे राहिले. रस्त्यानं जाता-येता शाळेतली पोरं तिला 'मधाचं पोळं' म्हणायची. त्याच सुमाराला चुलतबहिणीच्या लग्नासाठी तिनं कान टोचले, तर एका पाळीला काजूएवढा गोळा आला. तो कापला, तर दुप्पट होऊन परत आला. जिल्ह्याच्या इस्पितळातल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं तिचा कान उलटसुलट पाहिला आणि सांगितलं, "पोरी, तुझ्या कातडीला जखम भरायला येते, पण थांबायला येत नाही. कारण नसताना सुईच्या वाटेला जाऊ नकोस."

आणि ती गेली ती नेमकी सुईच्याच वाटेला, पण दुसऱ्यांच्या कातडीसाठी. परिचारिकेचं शिक्षण घेतलं, सरकारी इस्पितळात मलमपट्टीच्या खोलीत नऊ वर्षं काढली, आणि डॉक्टर लाम यांनी दवाखाना थाटला तेव्हा तिला मागून घेतलं.

तिच्यासमोर बसलेली प्रत्येक नवी बाई तोच प्रश्न विचारायची. मासेवाली साऊमावशी तर पहिल्या दिवशी चप्पल काढता काढताच म्हणाली, "अगं, तुझ्याच गालावर चिखलात बदकं नाचल्यासारखं दिसतंय, आणि तू माझा गाल सपाट करणार?"

"मावशी, मला चालत नाही हे. माझ्या अंगावर सुई लागली की गोळे येतात. हा कान बघा."

"म्हणजे हलवायानं गोड खायचं नाही?"

"खाल्लं तर त्याचाच धंदा बसेल. झोपा आता, आणि तोंड मिटा. तोंड हललं की सुई हलते."

साऊमावशीचं तोंड मिटणं ही बाजारातली पहिलीच घटना होती म्हणतात.

असं सगळं ठीक चाललेलं असताना दोन वर्षांपूर्वी क्विन आली. क्विन म्हणजे डॉक्टरांची मेव्हणी, वय बत्तीस, सायगॉन शहरात मोठ्या सौंदर्य-केंद्रात नोकरी केलेली. डॉक्टरांनी दवाखान्याचा कारभार तिच्या हाती दिला. मुलगी वाईट नव्हती. सकाळी सगळ्यांसाठी बर्फाची कॉफी ती स्वतः आणायची, कामवालीच्या पोराचा अभ्यास घ्यायची. पण दुकान कसं दिसतं याचा तिला ध्यास. भिंती गुलाबी झाल्या, भिंतीवर टीव्हीसारखा पडदा लागला, त्यावर उपचाराआधीचे चेहरे आणि नंतरचे चेहरे फिरू लागले. दोन नव्या मुली ठेवल्या, दोघींचे गाल पॉलिश केल्यासारखे. आणि एक दिवस क्विननं थोआताईला आत बोलावलं, दार लावलं, आणि बराच वेळ टेबलावरचं पेन सरळ करत राहिली.

"ताई, राग मानू नका. बाहेरून येणारं गिऱ्हाईक आधी तुमच्याकडे बघतं. त्यांना वाटतं, इथे काही गुण येत नाही. तुम्ही आत बसा. मलम लावणं, हत्यारं उकळणं, नव्या मुलींवर लक्ष ठेवणं. पगार तोच राहील. आणि… बाहेर आलात तर मास्क लावून या."

थोआताई "बरं" म्हणाली. शाळेतल्या पोरांना ती निदान दगड मारायची.

घरी येऊन तिनं बापाला सांगितलं. चिनअण्णा होडीत उकिडवे बसून कुंड्यांना पाणी मारत होते. त्यांनी डबा खाली ठेवला.

"म्हणजे माळ्याच्या अंगावर फुलं उगवायला हवीत होय? त्या पोरीला म्हणावं, ये इकडे, मला बघ. मी एवढा सुरकुतलेला, माझे गुलाब कोण घेणार!"

"बा, तिचंही चूक नाही. दुकान आहे."

"चूक नाही तर भात का गिळत नाहीस?"

ती हसली, पण त्या रात्री तिनं खरंच ताट तसंच सरकवलं. पुढचे पाच महिने ती आतल्या खोलीत हत्यारं उकळत राहिली. जुन्या बायका हट्टानं तिलाच मागायच्या, तेव्हा मागच्या दारानं तिला टेबलाशी आणलं जायचं. नव्यांना ती आहे हेसुद्धा कळत नसे.

मग लुओम आला.

लुओम हा तिएन नावाच्या नदीवरच्या फेरीबोटीवर कामाला. बोट धक्क्याला लागली की लोखंडी फळीशी उभं राहून शिट्टी वाजवायची, मोटारसायकली आत घ्यायच्या, ट्रकवाल्यांवर ओरडायचं. वय बावन्न. आधीची दोन मुलं दगावली म्हणून हा जगावा यासाठी आईबापांनी मुद्दाम हलकं नाव ठेवलेलं. लुओम म्हणजे वेचून आणलेला. तो जगला, पण विशीत त्याच्या चेहऱ्याचं जे व्हायचं ते झालं. दोन्ही गाल, कपाळ, मानेपर्यंत खड्डे. थोआताईपेक्षा दुपटीनं खोल. टोपी भुवयांपर्यंत ओढून तो तीस वर्षं त्या फळीशी उभा होता, आणि रोज हजार माणसं त्याच्या तोंडासमोरून जात होती.

दवाखान्यात शिरला तेव्हा टोपी तशीच होती. गुलाबी भिंती, फिरणारे चेहरे, काउंटरवरच्या गुळगुळीत पोरी पाहून तो दारातच वळला.

"चुकलो वाटतं. औषधाचं दुकान समजलो," एवढं पुटपुटून निघाला. नेमकी त्याच वेळी थोआताई टॉवेलांचा ढीग घेऊन आतून येत होती, मास्क लावून. तिनं टोपीखालची हनुवटी पाहिली आणि तिला कळलं. असं वळून जाणं तिनं स्वतः कितीतरी दारांत केलेलं होतं.

"दादा, थांबा. कशासाठी आला होता?"

"काही नाही. राहू द्या. हे बायकांचं काम दिसतंय."

थोआताईनं टॉवेल काउंटरवर ठेवले आणि मास्क खाली ओढला. क्विन समोर उभी होती, तरी ओढला.

लुओम तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी काढली.

"तुम्हीच करणार असाल तर बसतो," तो म्हणाला. "या पोरींना काय सांगू मी? त्यांना सांगायलासुद्धा लाज वाटते. तुम्हाला सांगायला लागणार नाही."

क्विननं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा थोआताईकडे, आणि टॉवेल उचलून स्वतः आत नेले.

आतल्या टेबलावर बसल्यावर लुओमनं खिशातून फोन काढला. त्याची एकुलती मुलगी त्रूक शिक्षिका होती, साखरपुडा झाला होता, लग्नाला सहा महिने होते. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. साखरपुड्याचे फोटो स्टुडिओवाल्यानं पाठवले होते. त्यानं एक फोटो मोठा करून दाखवला. त्रूकशेजारी कोट घातलेला एक माणूस उभा होता, चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा.

"हा कोण?" थोआताईनं विचारलं.

"मी."

थोआताईला हसू आवरेना. लुओमही हसला, मग त्यानं फोन पालथा ठेवला.

"व्याह्यांनी न विचारताच खड्डे पुसून घेतले. वाईट हेतूनं नाही. चांगलं दिसावं म्हणून. पण मी रात्रभर बघत बसलो ताई. म्हटलं, लग्नात सगळे बघणार, मग घरी फोटो बघणार, आणि म्हणणार हा कोण? मला त्याच्यासारखं दिसायचं नाही. निदान त्याचा भाऊ शोभेन एवढं तरी करून द्या."

"सख्खा भाऊ नाही जमणार," थोआताई म्हणाली. "चुलतभाऊ होईल. तोही लांबचा. खड्डे जाणार नाहीत, उथळ होतील. चार वेळा यावं लागेल, दर सहा आठवड्यांनी. आणि उन्हात उभं राहायचं नाही."

"फेरीवर उन्हात नाही तर कुठे उभा राहू? नदीत?"

"तोंड झाका."

डॉक्टरांनी तपासून होकार दिला आणि पहिली बैठक झाली. लुओमसारखा आडदांड माणूस, पण यंत्राचा आवाज सुरू होताच त्यानं टेबलाची कड अशी धरली की जणू बोट बुडते आहे. थोआताई कपाळापासून सुरू करून हळूहळू गालावर आली आणि गुलाबांबद्दल बोलत राहिली. कोणत्या गुलाबाला डोळा कधी भरतात, कोणता लाडावलेला आणि कोणता कष्टाळू. तो कडेवरची बोटं सोडून केव्हा ऐकायला लागला हे त्यालाही कळलं नाही.

उकडलेल्या कोळंबीसारखा लाल होऊन तो बाहेर पडला. चार दिवसांची सुट्टी घेतली, आणि पाचव्या दिवशी फळीशी उभा राहिला तो बायकोची जुनी फुलाफुलांची झाकणटोपी घालून, मोटारसायकलवाल्या बायका घालतात तशी, मानेपर्यंत. फक्त डोळे आणि शिट्टी बाहेर. फेरीवाल्यांनी त्याला 'आत्याबाई' म्हणायला सुरुवात केली. "आत्याबाई, ट्रक येऊ द्या!" "आत्याबाई, आज कोणती फुलं घातलीत?" लुओम शिट्टी वाजवून उत्तर द्यायचा. टोपी मात्र काढली नाही.

दुसऱ्या बैठकीला तो स्वतःहून आरशाकडे गेला. तिसऱ्या वेळी येताना नदीतले मासे घेऊन आला आणि साऊमावशीकडून विकत न घेता तिच्याच दुकानासमोरून ते नेल्याबद्दल तिच्या शिव्या खाल्ल्या. चौथी बैठक लग्नाच्या एक महिना आधी झाली. गाल नितळ नव्हते, पण सावल्या पूर्वीसारख्या पडत नव्हत्या. क्विननंही त्याला उजेडात उभं करून पाहिलं आणि नकळत "अरे वा" म्हणाली.

लग्नाला सहा दिवस उरले असताना लुओम परत हजर.

"ताई, अजून एकदा."

"वेडे झालात? सहा दिवसांवर लग्न. आता चेहऱ्याला हात लावायचा नाही."

"हा डावा गाल बघा. फोटोत डावाच येणार."

"मुलीच्या उजवीकडे उभे राहा. सुई नाही म्हणजे नाही."

तो क्विनकडे गेला. क्विन क्षणभर घुटमळली, आणि म्हणाली, "काका, इथे ताई नाही म्हणाल्या की नाहीच." थोआताईनं ते आतून ऐकलं.

लग्नाला चार दिवस उरले त्या सकाळी, दहिवर अजून पानांवर असताना, थोआताई बागेत होडीत होती. दुसरी एक होडी रांगांमधून धडकत आली. त्यात लुओम. डावा गाल सुजून डोळा अर्धा मिटलेला, गालावर रेल्वेच्या रुळांसारख्या लाल रेघा, रेघांवर पिवळे फोड.

"काय केलंत?"

लुओमनं उत्तराऐवजी खिशातून सुयांचा एक छोटा रूळ काढला. फोनवरून मागवलेला, प्लास्टिकच्या मुठीचा, सुया वाकलेल्या. तो घरी तांदळाच्या दारूत बुडवून त्यानं गालावर फिरवला होता. हलक्या हातानं नव्हे. फळी ओढतात तसा.

थोआताईला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता.

"तीस वर्षं त्या खड्ड्यांनी तुमचं काही बिघडवलं नाही, आणि तुम्ही एका रात्रीत एवढं केलंत! हे गाल तुमचे एकट्याचे आहेत का? पाच महिने माझे हात त्यावर चाललेत! कोणाला विचारून हात लावलात?"

"चुकलं ताई."

"चुकलं म्हणतात! बा, यांना धरून बसवा, पळतील."

चिनअण्णांनी पाहुण्याला बारकाईनं न्याहाळलं. "याला कीड लागलीये," ते म्हणाले, आणि थंड चहाचा पेला त्याच्या हातात दिला.

त्याच तासाला तिनं त्याला डॉक्टर लाम यांच्यापुढे उभं केलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि डोळ्याकडे सूज सरकली तर तडक इस्पितळात जायला सांगितलं. मग तीन दिवस थोआताई सकाळी कामाच्या आधी आणि संध्याकाळी कामानंतर फेरीच्या धक्क्यावर जात होती. तिकिटाच्या खोपटात लुओमला बाकावर आडवं करून, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याच्या घड्या गालावर ठेवायची. फेरीवाले दारात जमायचे. आता कुणी 'आत्याबाई' म्हणत नव्हतं. एकानं पंखा आणून लावला.

दुसऱ्या संध्याकाळी तिथे त्रूक आली. कुणीतरी तिला कळवलं होतं. ती दारात उभी राहून बापाचा गाल बघत राहिली.

"बाबा, हे कशासाठी?"

लुओम भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "डास चावला."

"बाबा."

"तुझ्या सासरच्यांनी फोटो पुसून घेतला. म्हटलं, दुसऱ्यांदा त्यांना तो त्रास नको."

त्रूक बाकाशेजारी खालीच बसली. "त्यांनी नाही पुसला. स्टुडिओवाल्यानं पुसला. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन भांडले. म्हटलं, माझा बाप परत द्या, हा कुणाचा आणलात? तुम्हाला सांगितलं नाही, कारण फोटोचा विषय काढला की तुम्ही उठून जाता."

मिठाच्या पाण्याची घडी थोआताईला दोनदा बदलावी लागली, कारण लुओमच्या डोळ्यातलं पाणी त्यावर सारखं येत होतं आणि ती त्याला दर वेळी, "डोळे मिटा, झोंबेल," एवढंच म्हणत होती.

लग्नाच्या दिवशी सूज उतरलेली होती. लाली होती. रेघा होत्या. एका कडेला बारीक खपली होती. लुओम कोट घालून, टोपीशिवाय, मुलीच्या उजवीकडे नव्हे तर डावीकडे उभा राहिला, आणि त्रूकनं फोटोवाल्याला सगळ्यांसमोर बजावलं, "यातला एक ठिपका जरी पुसलात तर पैसे मिळणार नाहीत." मांडवात हशा झाला. लुओमही हसला. त्या फोटोत त्याचे सगळे दात दिसतात. त्याला एवढे दात आहेत हे फेरीवाल्यांना तेव्हा कळलं.

थोआताईला लग्नाला वधूपक्षाच्या टेबलावर बसवलं होतं. मास्क नव्हता. कुणीतरी विचारलं, "आपण कोण?" तर लुओम लांबून ओरडला, "माझी बहीण!" आणि विचारणाऱ्या बाईनं दोघांच्या गालांकडे पाहून मान डोलावली. तिला ते अगदी पटलं.

त्यानंतर महिन्याभरानं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, दवाखाना रिकामा असताना क्विन आतल्या खोलीत आली. तिनं दाराला कडी घातली आणि थोआताईच्या टेबलाशी उभी राहिली. थोआताईला वाटलं, आता पुन्हा काय बदलायचंय.

क्विन बेसिनपाशी गेली. साबण घेऊन तिनं चेहरा धुतला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाणी आधी दुधी, मग तपकिरी झालं. ती वळली तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर तांबूस-काळसर वांगाचे डाग होते, नकाशातल्या बेटांसारखे पसरलेले. थोआताई दोन वर्षं तिच्याबरोबर काम करत होती. तिनं हे कधीच पाहिलं नव्हतं.

"बाळ पोटात असताना आले," क्विन म्हणाली. "बाळ राहिलं नाही. डाग राहिले. रोज पहाटे उठून तासभर लेप चढवते. नवऱ्यानंसुद्धा नीट बघितलेले नाहीत." ती टेबलावर झोपली आणि छताकडे बघत म्हणाली, "ताई, तुम्ही करा."

थोआताईनं दिवा ओढून घेतला. डाग बोटानं हलके दाबून पाहिले, कडा पाहिल्या, दिवा जवळ-दूर केला. मग दिवा बंद केला.

"आज नाही करायचं. याला लगेच सुई लावली तर काळपट वाढेल. आधी ऊन बंद, मग डॉक्टरांचं मलम, तीन-चार महिने. मग बघू. कदाचित सुईची गरजच पडणार नाही. आणि हा लेप रोज घासून काढता ना, तोच तुमचा खरा शत्रू आहे. कातडी लाल झालीये."

"मग बाहेर कशी बसू? गिऱ्हाईक बघेल."

"बघू दे."

क्विननं डोळे मिटले. थोआताईनं कपाटातून साधं, बिनवासाचं क्रीम काढलं, तळव्यावर कोमट केलं आणि तिच्या कपाळापासून लावायला सुरुवात केली. बाळाचं नाव काय ठेवणार होतात, असं तिनं विचारलं. क्विननं सांगितलं. मग क्विन बोलत राहिली, बराच वेळ, आणि बाहेर कुणीतरी घंटी वाजवत होतं तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.